तांडेल म्हणजे कोण? मालवण किनाऱ्यावरील एका शोधाची हकीकत



आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी एखादी वडीलधारी व्यक्ती होऊन गेली आहे, की जिच्या एका वाक्यात घराण्याचा सगळा इतिहास सुरू होऊन तेथेच संपतो. आमच्या घरी ती दादी होती. "तुझा पणजा तांडेल होता," एवढे ती सांगे. पुढे काही विचारले तर "मोठा तांडेल होता," असे म्हणून पानाचा डबा पुढे ओढी. गंमत अशी, की आमचे आजोबाही तांडेलच होते. मग शाळेत 'माझे घराणे' या विषयावर निबंध लिहायची पाळी आली तेव्हा मी सरळ लिहून टाकले, की माझे पणजोबा व आजोबा दोघेही बोटीवर खलाशी होते. मास्तरांनी शुद्धलेखनाच्या चार चुका काढल्या. पण सर्वांत मोठी चूक त्यांच्याही लक्षात आली नाही आणि माझ्या लक्षात यायला पुढे चाळीस वर्षे लागली.

ती चूक कोणती, हेच आज आपल्याला सांगायचे आहे. कारण हीच चूक किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत आजही चालू असेल, आणि तिच्यापायी आपण आपल्याच माणसांना त्यांच्या खऱ्या पायरीवरून खाली उतरवीत आहोत.

प्रथम शब्दांकडे पाहू. आपल्या जमातीत नाखुदा, नाखवा, सारंग, तांडेल, सुकाणी ही आडनावे किंवा टोपणनावे ऐकू येतात. 'नाखुदा' हा फारसी शब्द. नाव म्हणजे होडी आणि खुदा म्हणजे धनी, मालक. 'सारंग' हा फारसीतील 'सरहंग' म्हणजे सरदार यावरून आला. 'सुकाणी' अरबी 'सुक्कान'वरून, आणि आपले मराठी 'सुकाणू'ही त्याच गोत्यातले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी' लिहिला. त्यात मोठ्या जहाजावरील माणसांचे बारा वर्ग दिले आहेत. पहिला नाखुदा, जो मालक असे व जहाज कोठे जायचे ते ठरवी. दुसरा 'मुअल्लिम'. त्याला पाण्याची खोली-उथळी ठाऊक हवी, ताऱ्यांचे ज्ञान हवे, आणि जहाज मुक्कामाला सुखरूप पोहोचविणे हे त्याचे काम. तिसरा तांडेल, म्हणजे सर्व खलाशांचा मुख्य. त्याखाली सारंग, भंडारी, कारकून, सुकाणू धरणारे वगैरे.

येथे एक क्षण थांबा. 'मुअल्लिम' या शब्दाचा अर्थ आपल्याला निराळा सांगायला नको. शाळेत शिकवतो तो मुअल्लिम, आणि भर दर्यात वाट दाखवतो तोही मुअल्लिमच. शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत हे नमूद करताना, मी स्वतः मास्तरकी केलेली असल्यामुळे, मला थोडा आनंद होतो हे कबूल करतो.

आता मुद्द्याकडे वळू. वरील यादी दूरदेशी जाणाऱ्या मोठ्या जहाजाची आहे. आपल्या किनाऱ्यावर चालत ती मात्र गलबते, मचवे, पडाव आणि फत्तेमाऱ्या. फत्तेमारी हे त्यांतले मोठे जहाज. इंग्रज जहाजबांधणी अधिकारी जॉन एडी याने इ.स. १८३४ च्या सुमारास या किनाऱ्यावरच्या नौकांची मापे छापली. त्यात मोठी फत्तेमारी सुमारे ७६ फूट लांब, २५ फूट रुंद आणि २०० टनांच्या आसपास माल घेणारी दिली आहे. असल्या जहाजावर ना स्वतंत्र नाखुदा, ना मुअल्लिम. मालक घरी किंवा पेढीवर; जहाजावर एकच धनी, तो तांडेल. वाट तोच ठरवी, वारा तोच ओळखी, माल तोच मोजून घेई, बंदरातले हिशेब तोच पुरे करी, आणि वादळात माल समुद्रात टाकायचा की नाही याचा निर्णयही त्याचाच. आजच्या भाषेत सांगायचे तर तो कॅप्टन होता. म्हणजे माझे पणजोबा, जे फत्तेमारीवर तांडेल होते, ते कॅप्टन होते.

आणि आजोबा? ते आगबोटीवर तांडेल होते. वाफेच्या बोटीवर गोरा कप्तान, त्याखाली गोरे मेट, आणि मग हिंदी खलाशांची फळी. त्या फळीचा प्रमुख सारंग आणि सारंगाच्या हाताखाली तांडेल. शब्द तोच, घर तेच, किनारा तोच. बापाच्या शब्दावर जहाज चालत असे आणि मुलाने तिसऱ्या-चौथ्या माणसाचा हुकूम ऐकायचा. दादीच्या "मोठा तांडेल" या दोन शब्दांत हा सारा फरक होता. 'मोठा' हे विशेषण तिने लाडाने लावले नव्हते. आम्ही पोरांनी ते लाडाचे समजलो.

असे का झाले? पणजोबांच्या मुलाला दर्या कमी कळत होता म्हणून नव्हे. देशी फत्तेमारीच्या तांडेलाला कोणी परीक्षा घेऊन कागद देत नसे. बापाबरोबर दहा-बारा वर्षे फिरणे हीच त्याची पाठशाळा. आगबोटीवर कप्तान किंवा मेट व्हायचे तर इंग्रजीतून परीक्षा देऊन दाखला मिळवावा लागे. ज्याला मालवणपासून मलबारपर्यंतच्या खडकांची ओळख घरच्या उंबरठ्यासारखी होती, तो कागदावर अंगठा उठवीत होता. मुंबईत 'डफरिन' हे शिक्षण-जहाज इ.स. १९२७ साली सुरू झाले आणि हिंदी तरुणांना अधिकारी होण्याची वाट रीतसर उघडली. पण तेथे जायलाही इंग्रजी शाळा लागे, फी लागे, आणि मुख्य म्हणजे खबर लागे. आमच्या आजोबांना ती खबर कोणी दिली नाही. ते तेव्हा कुठल्या तरी बोटीवर दोरखंड ओढीत होते.

फत्तेमारीच्या तांडेलाचे जीवन कसे असे हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण ते जाणणारे आता फारसे उरले नाहीत. नारळी पौर्णिमेनंतर दर्या शांत झाला की जहाजे पाण्यात लोटीत. पावसाळ्यात ती खाडीत किंवा सर्जेकोटसारख्या आडोशाच्या जागी ओढून, झापांनी शाकारून ठेवलेली असत. पाण्यात लोटण्यापूर्वी फळ्यांच्या सांधी बुजवायच्या, राळ व माशाचे तेल चोपडायचे. मग हंगाम. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याहून नारळ, काथ्या, कोकम, सुकी मासळी मुंबईला; शिरोड्याच्या बाजूचे मीठ; दक्षिणेकडून मलबारचे लाकूड आणि मंगळूरची कौले. मंगळुरात बासेल मिशनने इ.स. १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, आणि त्यानंतर कोकणातील किती घरांवर ही कौले चढली ते आपण मान वर करून पाहू शकता. त्यांतली कितीतरी अशाच शिडाच्या जहाजांतून, भाताच्या पेंढ्यात बसून आली. मोठी जहाजे तर एडन, मस्कत, बसऱ्यापर्यंत जात आणि खजूर घेऊन परतत.

रात्री उशिरा जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा आणि दुपारी समुद्राकडून येणारा खारा वारा, या दोघांच्या पाळीवर किनाऱ्याने वर-खाली जाण्याचे गणित असे. होकायंत्र असे, पण तांडेल त्यापेक्षा डोंगरांच्या आकारावर, किल्ल्यांच्या बुरुजांवर आणि रात्री ताऱ्यांवर भरवसा ठेवी. शिसे बांधलेली दोरी खाली सोडून पाण्याची खोली पाही. शिशाच्या तळाला चरबी लावलेली असे, तिला चिकटून आलेली वाळू किंवा चिखल पाहून आपण कोठे आहोत ते सांगे. मालवणच्या बाहेरचे खडक ज्यांनी ओहोटीच्या वेळी पाहिले असतील त्यांना या विद्येची किंमत सांगायला नको. सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी इ.स. १६६४ साली शिवाजी महाराजांनी ही जागा निवडली तिचे एक कारण हे खडकच. वाट ठाऊक नसलेल्या जहाजाला ते आत येऊ देत नाहीत. महाराजांच्या आरमारात दौलतखानासारखा अधिकारी होता आणि इ.स. १६७९ च्या खांदेरीच्या लढाईत त्याच्याबरोबर मायनाक भंडारी होता, हे आपल्याला शाळेत शिकविले जाते. व्यापारी जहाजांवरही तीच रीत. गाबीत, भंडारी, खारवी, मुसलमान असे एकाच डोलकाठीखाली झोपत.

आता शोध कसा घ्यावयाचा? आमच्या घरची गोष्ट प्रथम सांगतो, म्हणजे आपण ती चूक करणार नाही. पणजोबांच्या हिशेबाच्या मोडी लिपीतल्या दोन वह्या माळ्यावर होत्या. वाचता कोणालाच येत नसत. एका पावसाळ्यात छप्पर गळले, वह्या भिजल्या, आणि माझ्याच काकांनी त्या चुलीत घातल्या. त्यांत जहाजाचे नाव असणार, मालकाचे असणार, बंदरांची नावे असणार. काकांना दोष देण्यात अर्थ नाही. मी स्वतः तेव्हा मॅट्रिकला होतो आणि शेजारी उभा होतो.

तेव्हा पहिली गोष्ट, घरातले कागद. मोडी असो, फारसी असो, वाचता येत नाही म्हणून टाकू नका. मोडी वाचणारी माणसे आजही मिळतात. काझींच्या निकाहाच्या नोंदवह्यांत वराचे, बापाचे व गावाचे नाव असते. त्यावरून पिढ्या जुळविता येतात. येथे एक धोका. आपल्यात नातवाला आजोबाचे नाव ठेवण्याची चाल आहे. एकाच नावाची दोन माणसे पन्नास वर्षांच्या अंतराने भेटतात आणि आपण त्यांना एक समजून बसतो.

याचे प्रसिद्ध उदाहरण मुंबईच्या रोघे घराण्याचे. कोकणी मुसलमान व्यापारी महंमद अली रोघे हे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सर जमशेटजी जीजीभॉय यांचे भागीदार होते. चीनशी कापूस व अफूचा व्यापार करीत. अफूचा उल्लेख मी मुद्दाम गाळलेला नाही, इतिहास सोयीचा तेवढाच सांगू नये. मुंबईच्या जुम्मा मशिदीचा वरचा मजला इ.स. १८३७ साली त्यांनी बांधून दिला. पुढे इ.स. १८७४ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी प्रभृतींनी अंजुमन-इ-इस्लाम ही शिक्षणसंस्था स्थापन केली, तेव्हा संस्थापकांत पुन्हा नाखुदा महंमद अली रोघे हे नाव दिसते. हे त्याच घराण्यातील पुढच्या पिढीचे गृहस्थ. जहाजांचा धंदा करणाऱ्या पूर्वजांचा 'नाखुदा' हा किताब शाळा काढणाऱ्या वंशजाच्या नावापुढे तसाच राहिला. म्हणजे नाखुदा हा शब्दही तांडेलासारखाच फसवा. एके ठिकाणी तो जहाज हाकणारा, दुसरीकडे जहाजांचा मालक, तिसरीकडे नुसते घराण्याचे नाव.

रोघ्यांचा माग लागतो, कारण ते श्रीमंत होते. मालवणच्या तांडेलाचा लागेल काय? लागू शकतो, पण त्याच्या नावाने नव्हे, जहाजाच्या क्रमांकाने. इ.स. १८३८ मध्ये मुंबई इलाख्यातील देशी जहाजांसाठी कायदा झाला (त्या सालचा एकोणिसावा). त्यान्वये प्रत्येक जहाजाची बंदरात नोंद करून त्याला क्रमांक द्यावा आणि तो बंदराच्या नावासह जहाजाच्या दोन्ही अंगांना रंगवावा असे ठरले. आपल्या माळ्याला, गोठ्याला किंवा विहिरीच्या रहाटाला जुन्या जहाजाची फळी लागलेली असेल तर ती एकदा धुऊन पाहा.

सरकारी दप्तरांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात धरा. सिंधुदुर्ग जिल्हा हा १ मे १९८१ रोजी झाला. त्यापूर्वीचे बहुतेक सारे 'रत्नागिरी' या नावाखाली शोधावे लागते. त्याही मागे जायचे तर गावाप्रमाणे राजा बदलतो. मालवण इ.स. १८१२ पर्यंत कोल्हापूरच्या छत्रपतींकडे, वेंगुर्ले त्याच सालापर्यंत सावंतवाडीकरांकडे, आणि विजयदुर्ग इ.स. १७५६ पासून १८१८ पर्यंत पेशव्यांकडे. तेव्हा विजयदुर्गच्या माणसाने पुण्याच्या पेशवे दप्तराकडे पाहावे, मालवणच्या माणसाने कोल्हापूरच्या पुराभिलेखागाराकडे. इंग्रजी अमलातील कागद मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य अभिलेखागारात होते, तेथे चौकशीची सुरुवात करावी. इ.स. १८८० चे रत्नागिरी-सावंतवाडीचे गॅझेटियर तर घरी घेऊन वाचण्यासारखे आहे. आपल्या बंदराचे त्या काळचे चित्र त्यात सापडेल.

आगबोटीवरच्या आजोबांचा माग त्या मानाने सोपा. खलाशाला कामाचा दाखला मिळे. आपले लोक त्याला 'नल्ली' म्हणत. पूर्वी तो कागद नळीत घालून जपत, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. त्यात बापाचे नाव, गाव, अंगावरची खूण, बोटीचे नाव, हुद्दा, चढल्या-उतरल्याच्या तारखा आणि वागणुकीचा शिक्का असे. बोटीचे नाव मिळाले की पुढची दारे उघडतात. ब्रिटिश बोटींवरील नोकरांच्या याद्या जपून ठेवलेल्या आहेत, पण कोठे म्हणाल तर बहुतेक कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या विद्यापीठात! मालवणच्या माणसाचा कागद बर्फाच्या देशात पडून आहे. पहिल्या महायुद्धातील इ.स. १९१५ च्या याद्या मात्र इंग्लंडात स्वयंसेवकांनी उतरवून काढल्या आणि आता त्या घरबसल्या फुकट पाहता येतात; त्यांत हिंदी खलाशांचीही नावे आढळतात. एवढेच की इंग्रज कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिले. इस्माईलचा 'एस्मेल', महंमदाचे पाच प्रकार. नाव मोठ्याने वाचा, आपल्या बोलीत वाचा, मग ओळख पटते.

आणि ज्यांचे कोणी परत आले नाहीत, त्यांनी मुंबईस मस्जिद बंदर येथील 'इंडियन सेलर्स होम'मध्ये एकदा जाऊन यावे. पहिल्या महायुद्धात समुद्राखेरीज दुसरी कबर न मिळालेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी दर्यावर्दींचे ते स्मारक आहे, आणि दुसऱ्या महायुद्धातील सुमारे साडेसहा हजारांची नामावळी तेथे ठेवलेली आहे. मी गेलो होतो तेव्हा आमच्या घरातले नाव शोधीत नव्हतो, कारण आजोबा परत आले होते. पण पाने उलटताना सारंग, तांडेल, भंडारी, खलाशी असे शब्द इतक्या वेळा समोर आले, की गावच्या मशिदीत शुक्रवारी बसलेल्या मंडळींची नावे वाचतो आहे असे वाटले. पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो.

विद्यार्थ्यांपैकी कोणाला वाटेल, की एवढ्या खटाटोपाने मिळायचे ते काय? जुन्या लोकांनाही असा प्रश्न पडला असता तर आज आपल्याला काहीच ठाऊक नसते. आपल्याच जिल्ह्यातील खारेपाटणचा ताम्रपट घ्या. शके ९३०, म्हणजे इ.स. १००८ मध्ये शिलाहार राजा रट्टराज याने एका देवस्थानाला दान दिले. त्यात गावांबरोबर बंदराचे उत्पन्नही आहे. परदेशाहून येणाऱ्या दर जहाजामागे एक सोन्याचा गद्याण. चेमुल्य म्हणजे चौल आणि चंद्रपूर म्हणजे गोव्यातील चांदर येथील जहाजांचा उल्लेखही त्यात येतो. आज खारेपाटणच्या खाडीत गाळ साचलेला आहे. परदेशचे जहाज तेथे येत असे हे त्या पत्र्यांवाचून कोणी खरे मानले नसते. जहाजांची संख्या नाही, नाखुद्यांची नावे नाहीत. तरी हजार वर्षांपूर्वी कोणीतरी लिहून ठेवले म्हणून एवढे तरी उरले. आमच्या दोन वह्या शंभर वर्षेही टिकल्या नाहीत.

दादी जाऊन बरीच वर्षे झाली. मी निवृत्त झाल्यावर एक नवी वही केली आहे. पहिल्या पानावर पणजोबांचे नाव, त्यापुढे 'तांडेल, फत्तेमारी'. त्याखाली आजोबांचे नाव, 'तांडेल, आगबोट', आणि नल्लीवरून उतरवून घेतलेल्या सात बोटींची नावे तारखांसह. पणजोबांच्या ओळीत फत्तेमारीच्या नावासाठी जागा सोडली आहे. गावातल्या एका वृद्ध गाबीत गृहस्थांनी मला एक नाव सांगितले. त्यांच्या आजोबांनी पणजोबांच्या हाताखाली काम केले होते म्हणे. दुसऱ्याने निराळेच सांगितले. दोन्ही नावे मी शिसपेन्सिलीने लिहून ठेवली आहेत.